कापसासाठी फेअरट्रेड प्रमाणपत्र: अर्जाआधीची सहा कामं आणि अर्जानंतरच्या चुका

फेअरट्रेड प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं की बहुतेक शेतकरी उत्पादक कंपन्या पहिल्याच दिवशी अर्ज उघडून बसतात. अर्ज सातव्या पायरीवर येतो. खरेदीदार, सभासद यादी, बियाणं, मजुरी ही कामं मागे ठेवून अर्ज केला की फी भरून होते, ऑडिटर येऊन जातो आणि हातात उरते त्रुटींची यादी. दुसऱ्या हंगामात संचालक एकमेकांना विचारत बसतात, हे कोणी सुचवलं होतं म्हणून.

हा लेख विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू कापूस उत्पादकांच्या गटांसाठी आहे. इतर पिकांच्या गटांनाही क्रम बराचसा हाच लागतो, पिकाचे नियम मात्र वेगळे वाचावे लागतील.

## १. कोणतं प्रमाणपत्र, आणि ते कुणाच्या नावावर

आधी एक गोंधळ मिटवा. बेटर कॉटन, सेंद्रिय प्रमाणपत्र आणि फेअरट्रेड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बेटर कॉटनमध्ये बीटी (जनुकीय बदल केलेलं बियाणं) चालतं, पण किमान भावाची हमी आणि प्रीमियम (भावाखेरीज संस्थेला मिळणारी जादा रक्कम) नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र शेतीची पद्धत तपासतं. फेअरट्रेडमध्ये व्यवहार, संस्था, मजूर आणि शेती हे चारही तपासले जातात. त्यात रासायनिक खतं-औषधं पूर्ण बंद नाहीत, बीटी मात्र बंद आहे.

नियम करते जर्मनीतल्या बॉन शहरातली फेअरट्रेड इंटरनॅशनल ही संस्था. तपासून प्रमाणपत्र देते फ्लोसर्ट ही वेगळी संस्था. आशियातल्या उत्पादकांना प्रशिक्षण आणि सल्ला देण्यासाठी ‘नॅप’ हे उत्पादकांचं जाळं आहे. सल्लागाराला पैसे देण्याआधी नॅपशी बोला.

दारं तीन आहेत:

- लहान उत्पादकांची संस्था. शेतकऱ्यांची स्वतःची कंपनी किंवा सहकारी संस्था असेल तर हे. प्रमाणपत्र संस्थेच्या नावावर येतं.
- करार उत्पादन. शेतकरी अजून संघटित नसतील तर एखादी कंपनी किंवा संस्था प्रवर्तक होते. भारतातल्या कापूस आणि तांदळाला हा मार्ग खुला आहे.
- मजुरांवर चालणारे मळे. चहाचे मळे हे त्याचं ओळखीचं उदाहरण. तिथे प्रीमियमचा विनियोग मजुरांची समिती ठरवते. कापसाला हे दार नाही.

शेतमजुराला एकट्याने प्रमाणपत्र घेता येत नाही. कापसात मजुरांचे हक्क पहिल्या दोन दारांच्या मानकांतल्या (लेखी नियमावल्यांतल्या) कामगार-नियमांतून येतात, त्यामुळे ‘आमच्याकडे फक्त शेतकरी आहेत, मजुरांचं कलम आम्हाला नाही’ हे उत्तर चालत नाही.

> इशारा: करार उत्पादनात प्रमाणपत्र प्रवर्तकाच्या नावावर असतं. उद्या त्या प्रवर्तकाशी बिनसलं तर ते तुमच्याबरोबर येत नाही. तुमची उत्पादक कंपनी चालू स्थितीत असेल तर पहिलंच दार धरा.

## २. खरेदीदार आधी शोधा

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे माल फेअरट्रेड भावात जाईलच असं नाही. खरेदीदाराने जेवढा माल फेअरट्रेड अटींवर घेतला तेवढ्यावरच प्रीमियम मिळतो, उरलेला माल नेहमीच्या भावात बाजारात जातो. गट इथेच सर्वांत जास्त फसतात.

हिशेब कागदावर करून बघा. कच्च्या कापसाचा प्रीमियम किलोमागे ५ युरो सेंट आहे (करार करताना फेअरट्रेडच्या किंमत-तक्त्यातला चालू आकडा पाहा). समजा ३०० सभासद आहेत आणि प्रत्येकाचा १० क्विंटल माल. एकूण ३,००० क्विंटल, म्हणजे ३ लाख किलो. सगळा माल फेअरट्रेडमध्ये गेला तर १५,००० युरो. खरेदीदाराने एक-तृतीयांशच उचलला तर ५,००० युरो. प्रमाणपत्राची फी, अंतर्गत तपासनिसांचा पगार आणि वेगळ्या साठवणुकीचा खर्च या दुसऱ्या आकड्याशी ताडून बघा.

किमान भावाबद्दलही स्पष्ट राहा. तो तळ आहे; बाजारभाव वर असेल तर बाजारभावच द्यावा लागतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता. हमीभाव किंवा बाजार तळाच्या वर असेल त्या वर्षी किमान भावातून जादा रुपया येणार नाही. तेव्हा फायदा उरतो प्रीमियमचा, आगाऊ रकमेचा आणि टिकणाऱ्या ग्राहकाचा. सभासदांना सभेत हे आधीच सांगा, नाहीतर ‘जास्त भाव मिळणार’ एवढंच गावात पोचतं.

खरेदीदाराकडून लेखी घ्यायच्या गोष्टी: किती क्विंटल, धाग्याची लांबी, किती हंगाम, कोणतं जिनिंग (सरकी काढणारा कारखाना). आणि एक प्रश्न नक्की विचारा: तुमचा फ्लो आयडी, म्हणजे फेअरट्रेड साखळीतला नोंदणी क्रमांक, काय? जिनिंग आणि सूतगिरणी या साखळीत नोंदलेल्या नसतील तर तुमचा कापूस तिथे पोचताच साधा होतो. विदर्भ, तेलंगणा आणि ओडिशातल्या शेतकऱ्यांबरोबर चेतना ऑरगॅनिक हे काम बरीच वर्षं करत आहे, आणि गोव्यातला ‘नो नेस्टीज’ हा ब्रँड फेअरट्रेड कापसाचे कपडे विकतो. साखळी कशी जुळते हे अशा ठिकाणी जाऊन बघण्यासारखं आहे.

> तपासा: खरेदीचं पत्र हातात आहे का? नसेल तर हा हंगाम फक्त तयारीचा धरा.

## ३. सभासद यादी: सालगडी, सातबारा, बटई

मानकानुसार किमान दोन-तृतीयांश सभासद ‘लहान उत्पादक’ हवेत. कापसासारख्या पिकात लहान उत्पादक म्हणजे शेतीचं बहुतेक काम स्वतः आणि कुटुंब मिळून करणारा, वर्षभराचा मजूर न ठेवणारा.

आता आपल्याकडचा सालगडी आठवा. गुढीपाडव्याला ठरलेला, वर्षभराचा. ज्याच्याकडे सालगडी आहे तो सभासद राहू शकतो, पण लहान उत्पादकांच्या मोजणीत धरता येत नाही. फक्त एकर बघून ‘पाच एकरवाला म्हणजे लहान’ असं मोजणाऱ्या याद्या ऑडिटमध्ये इथेच कोसळतात. यादीत ‘वर्षभराचा गडी आहे का’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा.

सालगड्याला दिलेली उचलही लिहून ठेवा. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही अशी स्थिती असेल तर ती सक्तीची मजुरी ठरते. त्यावर ‘आमच्याकडे पद्धतच आहे’ हे उत्तर नाही.

सभासद नोंदवहीत नाव, स्त्री/पुरुष, गाव, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, कापसाचं क्षेत्र, अपेक्षित उत्पादन आणि सभासदत्वाची तारीख एवढं हवंच. सातबारा सासऱ्याच्या नावावर, नवरा नोकरीला तालुक्याच्या गावी, आणि वावर प्रत्यक्षात सून बघते, असं घर प्रत्येक गावात सापडेल. सभासद तिला करा. उत्पादक कंपनीच्या कायद्यात ‘उत्पादक’ होण्यासाठी जमिनीची मालकी लागत नाही, प्राथमिक उत्पादनाशी निगडित काम पुरतं. बटईदारालाही हेच लागू. जमीनमालकाचं साधं संमतीपत्र फाइलला लावून ठेवा, म्हणजे एकाच गट क्रमांकाचा कापूस दोन नावांवर दोनदा मोजला जाणार नाही.

कंपनीचे कागद वेगळे: वार्षिक सभेचं इतिवृत्त, सह्यांसह हजेरी, निवडणुकीची नोंद, ताळेबंद. एका सभासदाला एक मत हा नियम उत्पादक कंपनीच्या कायद्यात आहे आणि फेअरट्रेडलाही तोच लागतो. प्रश्न असतो तो प्रत्यक्ष सभा झाली का याचा. वीस गावांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या असल्या तर ते कुणाच्याही लक्षात येतं.

## ४. बियाणं: हे फेब्रुवारी-मार्चमध्ये, जूनमध्ये नाही

फेअरट्रेड पिकात जनुकीय बदल केलेलं बियाणं जाणूनबुजून वापरता येत नाही. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज कृषी केंद्रात बीटीशिवाय पाकीट मिळणं मुश्कील आहे. म्हणून जूनच्या पहिल्या पावसानंतर बिगर-बीटी शोधायला निघालेला गट त्या वर्षी बीटीच पेरतो.

सरळ (संकरित नसलेल्या) वाणांकडे वळा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं ‘सूरज’, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं ‘पीकेव्ही रजत’, देशी कापसात ‘एकेए ७’ ही ओळखीची नावं. आपल्या जमिनीला काय मानवतं आणि खरेदीदाराला किती लांबीचा धागा हवा, हे दोन्ही जुळलं पाहिजे. देशी वाण हलक्या जमिनीत तग धरतात, पण बऱ्याच देशी वाणांचा धागा आखूड असतो. खरेदीदाराला विचारल्याशिवाय ते पेरू नका.

क्रम असा ठेवा:

1. फेब्रुवारीत सभासदनिहाय मागणी, क्षेत्रासह.
2. मार्चमध्ये संस्थेच्या नावाने एकत्र खरेदी. बिल आणि लॉट क्रमांक जपून ठेवा.
3. प्रत्येक लॉटची बीटी पट्टी-चाचणी. पट्टी स्वस्त असते. लॉट चुकीचा निघाला तर अख्खा हंगाम जातो.
4. वाटपाच्या वेळी पावतीवर सभासदाची सही.
5. उगवणीनंतर पानांची नमुना चाचणी.

शेजाऱ्याचं वावर बीटीचं असणारच. बांधालगतच्या ओळींचा कापूस वेगळा वेचून बाजारात घाला. स्वतःच्याच एका वावरात बीटी आणि दुसऱ्यात बिगर-बीटी लावणाऱ्याला माझ्या मते यादीत घेऊच नये. वेचणीच्या धांदलीत दोन ढीग वेगळे राहत नाहीत.

> इशारा: बिनबिलाचं तणनाशक-सहनशील बियाणं ज्या गावात उघड फिरतं, तिथे पट्टी-चाचणी सोडू नका. हे बियाणं सरकारी नियमांतही बेकायदेशीर आहे.

फवारणी. फेअरट्रेडच्या घातक रसायनांच्या यादीत तीन रंग आहेत. लाल म्हणजे बंद, नारिंगी म्हणजे अटींवर, पिवळा म्हणजे सावधगिरीचा आणि पुढे बंद होऊ शकणारा. मोनोक्रोटोफॉस लाल यादीत येतं. मराठीतल्या ब्रँडनावांवरून यादी जुळणार नाही. म्हणून तुमच्या सभासदांच्या गावांतल्या कृषी केंद्रांत जाऊन डब्यांवरची तांत्रिक नावं उतरवून घ्या, ती यादीशी ताडा आणि तीन रंगांचा तक्ता छापून प्रत्येक सभासदाच्या घरी द्या. दुकानदार ‘हे दोन मिसळून मारा’ म्हणतो तेव्हा समोर ठेवायला हाच कागद उपयोगी पडतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्यामुळे संरक्षक किटची नोंद फाइलपुरती ठेवून भागणार नाही. अठरा वर्षांखालील मुलं आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया फवारणीपासून दूर, रिकाम्या डब्यांत पाणी भरणं बंद, आणि फवारणीची तारीख-औषध-मात्रा वहीत. ऑडिटर गोठ्यात आणि घराच्या धाब्यावरही बघतो.

## ५. वेचणीची मजुरी आणि मुलं

वेचणी किलोवर असते. किलोचा दर कितीही ठरो, सर्वसाधारण वेगाने पूर्ण दिवस वेचणाऱ्या बाईच्या हातात शेतमजुरीचं किमान वेतन पडलं पाहिजे. पहिल्या वेचणीत ते सहज पडतं. तिसऱ्या-चौथ्या वेचणीत बोंडं विरळ होतात, कापूस कमी निघतो आणि तोच दर तोकडा पडतो.

समजा दर किलोला १० रुपये. पहिल्या वेचणीत ४० किलो निघाला तर ४०० रुपये. शेवटी १८ किलोच निघाला तर १८० रुपये. म्हणून दर वेचणीगणिक बदलता ठेवा, किंवा शेवटच्या वेचण्या सरळ रोजाने द्या. सभासदांच्या सभेत ठराव करून जिल्ह्याला लागू असलेला चालू किमान वेतनाचा आकडा त्यात लिहा. बाई आणि पुरुष एकच काम करत असतील तर दर एकच.

मजुरीची नोंद साधी पुरते: तारीख, नाव, किलो, रक्कम, सही किंवा अंगठा. टोळी मुकादमामार्फत आली असली तरी पैसे प्रत्येकीपर्यंत पोचल्याची नोंद तुमच्याकडे हवी.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना मजुरीवर ठेवता येत नाही आणि अठराखालच्यांना धोक्याचं काम देता येत नाही. घरच्या मुलांनी शाळेनंतर किंवा सुट्टीत, मोठ्यांच्या देखरेखीखाली, वयाला झेपेल असं हलकं काम करायला हरकत नसते. पण बाहेरून आलेल्या टोळीबरोबरची मुलं हा खरा प्रश्न आहे. आई वेचते आणि दहा वर्षांची पोरगी शेजारच्या ओळीत. तिला वावराबाहेर हाकललं की प्रश्न मिटत नाही, ती पुढच्या वावरात जाते. वेचणीच्या काळात तिच्यासाठी गावातल्या शाळेशी आधीच बोलणी, आणि असं मूल आढळलं तर कोण काय करणार याची लेखी पद्धत हवी.

> तपासा: दिवाळीनंतरच्या आठवड्यात कोणत्याही पाच वावरांत न सांगता जा. मजुरांना दर विचारा, वहीशी ताडा.

## ६. अंतर्गत तपासणी

बाहेरचा ऑडिटर काही निवडक शेतकऱ्यांकडेच जाणार. संस्थेने मात्र सगळ्यांकडे जायचं असतं. सभासदामागे एक पानी तक्ता पुरे: बियाण्याचा लॉट, औषधं, मजूर, मुलं, साठवण, अंदाजे उत्पादन. तपासनीस दुसऱ्या गावचा ठेवा. चुलतभावाच्या वावरातला लाल डबा सहसा कुणाला दिसत नाही.

तीनशे तक्त्यांत एकही त्रुटी नाही असा गठ्ठा पाहिला की अनुभवी ऑडिटर त्यातलेच शेतकरी निवडतो. त्रुटी लिहा, काय सुधारलं ते लिहा, न सुधारणाऱ्याला वगळल्याचा ठराव लिहा.

## ७. अर्ज

आता अर्ज. फ्लोसर्टकडे प्रश्नावली भरून द्यायची, त्यात पीक, सभासदसंख्या आणि प्रक्रियेची ठिकाणं येतात. फी युरोत असते आणि तिचे भाग वेगळे: अर्जाची, पहिल्या प्रमाणपत्राची, नंतर दरवर्षीची. सभासदसंख्या वाढली की फी वाढते, म्हणून काही गट ५०० चे २०० दाखवतात. मग २०० जणांच्या नावावर ५०० जणांचा कापूस विकायला निघतात, आणि एकरी उत्पादनाचा आकडाच चोरी सांगतो.

पात्र उत्पादकांसाठी साहाय्य निधी आहे. अर्ज करतानाच त्याबद्दल विचारा, बिल आल्यावर नाही.

वेळ साधा. ऑडिट वेचणीच्या काळात पडलं तर मजूर, माल, साठवण सगळं दिसतं आणि एका भेटीत काम होतं. त्यासाठी अर्ज पेरणीच्या आगेमागे जायला हवा.

## ८. ऑडिटचे दिवस

सुरुवातीची बैठक, कागद, वावरं, मजुरांशी आणि सभासदांशी बोलणं, शेवटची बैठक असा क्रम असतो. मजुरांशी बोलताना संचालकाने तिथे उभं राहू नये.

नियम दोन प्रकारचे: मूलभूत आणि विकासाचे. गुणांची पट्टी १ ते ५. मूलभूत नियम पाळावेच लागतात, विकासाच्या नियमांत सरासरी ३ गाठावी लागते. काही नियम पहिल्या दिवसापासून, काही पहिल्या, तिसऱ्या किंवा सहाव्या वर्षापासून लागू होतात. सहाव्या वर्षाच्या नियमासाठी पहिल्याच वर्षी झोप उडवू नका.

सभासदांकडून उत्तरं पाठ करून घेणं ही सगळ्यात वाया जाणारी मेहनत. ‘प्रीमियम म्हणजे काय’ याचं एकच वाक्य वीस तोंडांतून आलं की पुढचे प्रश्न अवघड होतात. सभेत खरोखर चर्चा झाली असेल तर प्रत्येकजण आपल्या भाषेत सांगतो.

## ९. त्रुटी आल्यावर

त्रुटी येणारच. गंभीर त्रुटी नसेल तर ९ महिन्यांपर्यंत चालणारी व्यापाराची तात्पुरती परवानगी मिळू शकते. बाकीच्या त्रुटी मुदतीत मिटल्या की प्रमाणपत्र. परवानगी येण्याआधी फेअरट्रेड म्हणून एक पोतंही विकू नका.

उत्तर देताना चूक होते ती अशी. त्रुटी: मजुरीची नोंद नाही. गटाचं उत्तर: ‘यापुढे नोंद ठेवू.’ हे परत येतं. उत्तरात कारण (वह्या छापल्या, पण वाटल्या नाहीत), उपाय (वाटप आणि गावनिहाय बैठक) आणि पुरावा (भरलेल्या पानांचे फोटो, हजेरी) असे तिन्ही हवेत.

## १०. विक्री आणि प्रीमियम

माल पहिल्या विक्रीपर्यंत वेगळा राहिला पाहिजे: वेगळी जागा, वेगळी पावती, सुती बोरी. प्लॅस्टिकच्या पोत्यांचे धागे कापसात गेले तर जिनिंगवाला भाव पाडतो, तो तोटा वेगळाच. खेडा खरेदीवाल्याने दारात येऊन रोख मोजले की सभासद माल देऊन टाकतो. ते थांबवण्याचा एकच व्यवहारी मार्ग म्हणजे संस्थेकडे त्या दिवशी पैसा असणं. म्हणून करार करतानाच आगाऊ रक्कम लेखी मागा. मागणी केल्यास खरेदीदाराकडून कराराच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत ती मिळू शकते. सभासदांना वेळेवर पैसे देता आले नाहीत तर वरच्या नऊ पायऱ्या फुकट जातात.

प्रीमियम संस्थेच्या खात्यात येतो, कुणा एकाच्या नाही. त्याचा हिशेब वेगळा ठेवा. खर्चाआधी विकास-आराखडा सर्वसाधारण सभेत मांडून मंजूर करून घ्यायचा. खर्च करून मग ठराव लिहिणं ही पकडली जाणारी चूक आहे. रोख वाटायचं ठरलं तरी तो सभेचाच निर्णय हवा. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षीचा पैसा पुढच्या हंगामाच्या बिगर-बीटी बियाण्यात आणि वजनकाट्यात घाला. सभागृहाच्या भिंतीवर नाव कोरण्याची घाई नको.

प्रमाणपत्राचं चक्र तीन वर्षांचं असतं, मधल्या काळात देखरेखीची ऑडिट होतात. त्यात हमखास अडकवणारी गोष्ट म्हणजे वजनाचा ताळा: सभासदांचं अपेक्षित उत्पादन, संस्थेच्या खरेदी पावत्या आणि विकलेलं वजन. पाऊस दगा देऊन एकरी उत्पादन अर्ध्यावर आलं, पण विक्री कागदोपत्री तेवढीच राहिली, तर बाहेरचा कापूस घुसला असा सरळ अर्थ निघतो. म्हणून सप्टेंबरअखेर बोंडं मोजून अंदाज नव्याने करा, खरेदीदाराला कळवा आणि नव्या सभासदांची नावं त्या हंगामाची पेरणी होण्याआधीच नोंदवहीत चढवा.